जुना पार्ट कुठे आहे? गॅरेजमधल्या अर्धवट कामाचा दीडशे वर्षांचा इतिहास

आजचा भाग जरा तेलकट आहे. ज्यांनी ऐकला त्यांच्यासाठी ही उजळणी, आणि ज्यांना लोकलमध्ये किंवा ऑफिसच्या कॅबमध्ये वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा पूर्ण भाग लिहून काढलाय. बोलण्याच्या ओघात जे थोडं इकडेतिकडे झालं होतं, ते इथे नीट लावलंय.

सुरुवात माझ्याच गोष्टीने करतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, घर साताऱ्याला. महिन्यातून एकदा बाइकवरून घरी जातो. मागच्या वर्षी पावसाळ्याआधी गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला टाकली. संध्याकाळी बिल हातात आलं. ऑइल, फिल्टर, चेनची सफाई, आणि एक ओळ: पुढचे ब्रेक पॅड बदलले. पैसे भरले, गाडी घेतली, विषय संपला.

वीस-एकवीस दिवसांनी खंबाटकी घाट उतरताना पुढच्या ब्रेकमधून किर्रर्र असा आवाज यायला लागला. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा. ब्रेक दाबला की हँडल थरथरायचं. पाऊस भुरभुरत होता, मागे ट्रकची रांग. उरलेला घाट मी मागच्या ब्रेकवर आणि दुसऱ्या गिअरवर उतरलो. खाली आल्यावर टपरीवर दहा मिनिटं नुसता बसून होतो, चहा गार झाला तरी कळलं नाही.

साताऱ्यात बाबांच्या ओळखीचे एक जुने मिस्त्री आहेत. आता सत्तरीला आलेत. त्यांनी कॅलिपर उघडला आणि मला हाक मारली. "ये इकडं, बघ." पॅडचा मसाला संपून खालची पत्री पट्टी उघडी पडली होती. डिस्कवर गोल चर पडलेले. "आणि ही पिन बघ. गंजून जाम झालीय. वर्षभर हिला कुणी हात लावलेला नाही. पॅड बदलायचे तर ही काढावीच लागते."

म्हणजे बिलावर काम झालेलं होतं आणि गाडीवर झालेलं नव्हतं.

मिस्त्रींनी नवे पॅड बसवले. जुने पॅड वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळले आणि माझ्या हातात दिले. मी म्हटलं, "काका, हे कशाला? टाकून द्या." ते म्हणाले, "माझ्याकडचा नियम आहे. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात. मग तू कचऱ्यात टाक नाहीतर देव्हाऱ्यात ठेव."

ती पुडी घेऊन मी सोमवारी पुण्यात सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे काय झालं ते शेवटी सांगतो. पण तिथल्या खुर्चीत वाट बघत बसलो असताना डोक्यात एक प्रश्न आला. हे भांडण किती जुनं आहे? "काम केलंय" आणि "काम केलेलं नाही" यातलं खरं काय, हे आपल्या आधीच्या लोकांनी कसं ठरवलं? आजचा भाग त्या शोधाचा.

हिरा, कोट आणि गाडी

भारतात या भांडणाला लागू होणारा सगळ्यात जुना कायदा आजही जिवंत आहे. भारतीय करार कायदा, १८७२. तेव्हा रस्त्यावर मोटार नावाची वस्तूच नव्हती. टांगे होते, बैलगाड्या होत्या. तरी आज तुम्ही गॅरेजमध्ये चावी ठेवता तेव्हा तुमच्या आणि गॅरेजवाल्याच्या मध्ये हाच कायदा उभा असतो.

आपली वस्तू एखाद्या कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि काम झालं की परत घ्यायची, या व्यवहाराचं या कायद्यात एक अख्खं प्रकरण आहे. कलम १५१ सांगतं की ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याने ती तशीच सांभाळायची, जशी एखादा शहाणा माणूस स्वतःची वस्तू सांभाळेल. म्हणजे गॅरेजवाल्याच्या पोऱ्याने तुमच्या गाडीवर चक्कर मारली आणि आरसा फोडला, तर "गर्दीत लागलं असेल" हे उत्तर एवढ्या सहज चालत नाही.

पण मजा कलम १७० मध्ये आहे. हे कलम कारागिराच्या बाजूचं आहे. ज्याने वस्तूवर मेहनत किंवा कौशल्य खर्च केलंय, तो मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवू शकतो. याला धारणाधिकार म्हणतात. कायद्यात उदाहरणंही दिली आहेत. एकाने जवाहिऱ्याला कच्चा हिरा पैलू पाडायला दिला. काम झालं. आता मजुरी मिळेपर्यंत जवाहिरा हिरा ठेवून घेऊ शकतो. दुसऱ्याने शिंप्याला कोटासाठी कापड दिलं, आणि शिंपी म्हणाला की कोट तयार झाला की लगेच देतो, पैसे तीन महिन्यांनी द्या. मग मात्र शिंप्याला कोट अडवता येत नाही, कारण त्याने स्वतःच उधारी कबूल केली आहे.

आता हिऱ्याच्या जागी स्कूटर ठेवा. "बिल भरा मग गाडी न्या" असं गॅरेजवाला म्हणतो तेव्हा तो दादागिरी करत नाही, १८७२ चा कायदा त्याच्या पाठीशी आहे. मला हे माहीतच नव्हतं.

पण या अधिकाराला दोन कुंपणं आहेत.

पहिलं कुंपण: ज्या कामाचे पैसे बाकी आहेत त्याच कामापुरती वस्तू अडवता येते. जुन्या कुठल्याही थकबाकीसाठी वस्तू अडवायचा मोठा अधिकार पुढच्या कलमात, १७१ मध्ये आहे. तो बँकर, आडते, धक्केवाले, हायकोर्टाचे अ‍ॅटर्नी आणि विमा दलाल अशा मोजक्यांनाच आपोआप मिळतो. मिस्त्री त्या यादीत नाही. म्हणजे गेल्या वर्षीच्या टायरचे पैसे राहिलेत म्हणून आज ऑइल बदलायला आलेली गाडी अडवायची, तर आधी तसं ठरलेलं असावं लागतं.

दुसरं कुंपण आपल्या विषयाचं. कलमात शब्द आहेत की सेवा ज्या हेतूने वस्तू दिली त्या हेतूप्रमाणे दिलेली असावी. याचा अर्थ काय, हे ठरवायची वेळ लवकरच आली. १८८३ च्या सुमारास अलाहाबाद हायकोर्टात 'स्किनर विरुद्ध जेगर' हा खटला झाला, आणि कायद्याच्या पुस्तकांत तो आजही याच मुद्द्यासाठी दिला जातो: काम ठरल्याप्रमाणे आणि ठरलेल्या किंवा वाजवी वेळेत पूर्ण केलं असेल तरच अडवायचा हक्क. अर्धवट काम करून वस्तू दाबून बसता येत नाही.

म्हणजे 'अर्धवट' हा शब्द मोटारींच्या आधीच भारतीय कोर्टात पोहोचला होता.

देखभाल म्हणजे काम आहे का?

मोटारी आल्या आणि एक नवीन गुंता झाला. १९१५ मध्ये लंडनमध्ये एक खटला उभा राहिला, 'हॅटन विरुद्ध कार मेंटेनन्स कंपनी'. करार साधा होता. ठरावीक पैशांत कंपनीने गाडीची देखभाल करायची आणि ड्रायव्हर पुरवायचा. आजच्या भाषेत एएमसी. पैसे थकले. कंपनीने गाडी ताब्यात घेतली आणि म्हणाली, आमचा धारणाधिकार आहे.

कोर्ट म्हणालं, नाही. दोन कारणं दिली. एक, या कराराखाली मालक हवी तेव्हा गाडी घेऊन जाऊ शकत होता, मग तुमचा ताबा कुठला? आणि दुसरं, तुम्ही गाडी सुधारली नाहीत, फक्त आहे तशी टिकवलीत. हिऱ्याला पैलू पाडले की हिरा बदलतो. देखभालीने गाडी बदलत नाही.

हा इंग्लंडचा नियम. आपलं कलम १७० सुधारणा मागत नाही, मेहनत किंवा कौशल्य मागतं, त्यामुळे इथे तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण त्या न्यायाधीशाने देखभालीची एक मोठी अडचण नकळत बोलून दाखवली. चांगली देखभाल दिसत नाही. पेंट मारला तर दिसतो, डेंट काढला तर दिसतो. पण ब्रेक साफ केला, केबलला ग्रीस लावलं, व्हॉल्व्ह सेट केले, तर गाडी काल चालत होती तशीच आज चालते. काम केलं तरी तशीच दिसते, नाही केलं तरी काही दिवस तशीच दिसते.

माझी गाडी एकवीस दिवस तशीच दिसत होती.

एक वायर आणि ३४७ गॅरेजं

न दिसणाऱ्या कामाचा कुणी कसा फायदा घेतो, हे मोजायचा एक प्रसिद्ध प्रयोग १९४१ मध्ये अमेरिकेत झाला. रीडर्स डायजेस्ट मासिकाने केला.

त्यांनी एक चांगली, धडधाकट गाडी घेतली. तिच्या इग्निशन कॉइलची एक वायर सैल केली. बस, एवढंच. कुणीही मिस्त्री बॉनेट उघडल्यावर मिनिटभरात ओळखेल आणि जोडून देईल असा बिघाड. मग तपासनीस देशभर फिरले आणि ३४७ गॅरेजांमध्ये ही गाडी नेली.

काहींनी वायर जोडली आणि हसून पाठवलं, किंवा किरकोळ पैसे घेतले. पण ६३ टक्के गॅरेजांनी फसवलं. नको ते काम केलं, न केलेल्या कामाचे पैसे लावले, किंवा भलताच बिघाड सांगितला. त्याच तपासात रेडिओ दुरुस्तीची दुकानं आणि घड्याळवालेही होते. रेडिओवाल्यांमध्ये फसवणारे ६४ टक्के निघाले आणि घड्याळवाल्यांमध्ये ४९ टक्के. एडविन सदरलंड या समाजशास्त्रज्ञाने १९४९ मधल्या पांढरपेशा गुन्हेगारीवरच्या पुस्तकात हे आकडे वापरले, म्हणून ते पुढे टिकले.

आता यावरून "सगळे मिस्त्री चोर" असं म्हणायचं का? मला आकड्यांत दुसरंच काही दिसतं. मोटार, रेडिओ, घड्याळ. तिन्हींत एक गोष्ट समान आहे: झाकण. ज्या कामावर झाकण असतं आणि गिऱ्हाइकाला आतलं दिसत नाही, तिथे गडबड वाढते.

मग उपाय काय? कॅलिफोर्निया राज्याने १९७१ मध्ये वाहन दुरुस्तीसाठी वेगळा कायदा केला आणि त्यासाठी एक सरकारी ब्यूरो उभा केला. त्यात मिस्त्रीने प्रामाणिक असावं असा उपदेश नव्हता. साध्या गोष्टी होत्या. काम सुरू करायच्या आधी लेखी अंदाजपत्रक द्या. त्याच्यावर एक डॉलरही वाढणार असेल तर आधी गिऱ्हाइकाची संमती घ्या. शेवटी काय काम केलं आणि कुठले पार्ट घातले याचं तपशीलवार बिल द्या. आणि गिऱ्हाइकाने आधी मागितलं असेल तर काढलेले जुने पार्ट परत द्या.

शेवटचा मुद्दा वाचला आणि मी जागेवर हललो. वर्तमानपत्रातली पुडी! साताऱ्याचा एक मिस्त्री, ज्याने कॅलिफोर्निया नकाशातही बघितलं नसेल, तो आयुष्यभर त्याच नियमाने चालला होता. फक्त त्याचा नियम कुणी छापला नव्हता.

प्रिया, चेतक आणि नाक्यावरचा मिस्त्री

बाबांकडे प्रिया स्कूटर होती. साताऱ्यातच महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनायची, त्यामुळे गावात तिचा वेगळाच मान. तो काळ बुकिंगचा. १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे. लायसन्स राजमुळे किती गाड्या बनवायच्या हेसुद्धा सरकारची परवानगी ठरवायची.

जी वस्तू मिळायला इतकी वर्षं लागतात ती कुणी टाकून देत नाही. ती दुरुस्तच करतात, पुन्हा पुन्हा. त्यातून मिस्त्री घडला. बहुतेकांनी कॉलेज बघितलं नव्हतं. दहा-बारा वर्षांचा पोरगा उस्तादाकडे पाने उचलायला लागायचा, प्लग साफ करायचा, आणि काही वर्षांनी इंजिन उतरवायचा. टू-स्ट्रोक स्कूटरला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, प्लग काळा पडायचा, सायलेन्सरमध्ये कार्बन साठायचा. गाडी सुरू होईना की ती तिरकी करायची. ही सगळी विद्या उस्तादाकडून चेल्याकडे जायची.

मग अर्धवट कामाची भांडणं होत नव्हती का? होत होती, आणि जोरात. बाबा सांगतात, नाक्यावरच्या दोन गॅरेजांत असं काही झालं की बाजार जमायचा. पण ती भांडणं मिटायची, कारण मिस्त्री आणि गिऱ्हाईक एकमेकांना रोज दिसायचे. त्याची पोरं आणि गिऱ्हाइकाची पोरं एका शाळेत. "तुझ्याकडे परत येणार नाही" आणि "गल्लीत सगळ्यांना सांगेन" ही दोन वाक्यं तेव्हाची ग्राहक कोर्टं होती. गिऱ्हाईक स्टुलावर बसून काम बघायचं आणि झाकण त्याच्या समोर उघडायचं.

पण या न्यायात एक मोठं छिद्र होतं. तो ओळखीच्यांनाच मिळायचा. गावात नवीन आलेला माणूस, एकटी बाई, हायवेवर गाडी बंद पडलेला प्रवासी, यांना गल्लीचा धाक वापरता यायचा नाही. उरायचं दिवाणी कोर्ट. वकील, कोर्ट फी आणि तारखा. दीडशे रुपयांच्या पिस्टन रिंगसाठी कोण जाणार?

'त्रुटी' हा शब्द आला

इथे महाराष्ट्राचा संबंध सरळ येतो. १९६६ मध्ये मुंबईत काही गृहिणींनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. या लोकांचा रोख सुरुवातीला किराणा, भेसळ, वजनमापं यांच्यावर होता. पण मागणी मोठी होती. ग्राहकाला वकिलाशिवाय, थोड्या पैशांत आणि थोड्या वेळात दाद मागता आली पाहिजे.

१९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. २४ डिसेंबरला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून आपण त्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतो. या कायद्याने गॅरेजच्या भांडणाला एक नवा शब्द दिला: 'सेवेतील त्रुटी'. सेवेचा दर्जा, स्वरूप किंवा ती देण्याची पद्धत यात कुठलीही उणीव, कमतरता, अपुरेपणा. कराराप्रमाणे जे करायचं कबूल केलं त्यातली उणीवही त्यात आली.

हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी तुम्हाला समोरच्याला "चोर" म्हणायला लागायचं. चोर म्हटलं की भांडण इज्जतीचं होतं आणि समोरचा मरेपर्यंत मान्य करत नाही. त्रुटी म्हणायला चोरी सिद्ध करावी लागत नाही. काम कबूल केलं होतं, ते पूर्ण झालं नाही, एवढं पुरे. हेतू काय होता हा नंतरचा प्रश्न.

दोन बारीक गोष्टी सांगतो, कारण त्यावर नेहमी गोंधळ होतो. पहिली: कायदा खरोखर फुकट दिलेल्या सेवेला लागू होत नाही. म्हणून "ती फ्री सर्व्हिस होती साहेब" असं ऐकवलं जातं. पण नव्या गाडीबरोबर येणारी कुपनं आभाळातून पडत नाहीत, त्यांची किंमत आपण गाडीच्या किमतीत मोजलेली असते. दुसरी: धंद्यासाठी घेतलेल्या वस्तू कायद्याच्या बाहेर आहेत. मग रिक्षावाल्याचं काय? १९९३ च्या दुरुस्तीने खुलासा केला की जो माणूस केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू वापरतो तो ग्राहकच आहे. रिक्षावाल्यासाठी अर्धवट काम म्हणजे नुसता मनस्ताप नसतो. क्लच प्लेट नीट बसली नाही की त्या दिवशी कमाई शून्य आणि बँकेचा हप्ता चालूच.

२०१९ मध्ये नवा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला. आता तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकता. म्हणजे गाडी नाशिकला बिघडवली तरी तक्रार पुण्यात. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लागत नाही. तक्रार ऑनलाइन भरता येते. मुदत दोन वर्षं. आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बरंच काही मिटू शकतं.

झाकणाच्या आत आणखी एक झाकण

कायदा सुधारला, पण गाडी मात्र आणखी बंद होत गेली. आणि हा माझ्या धंद्याचा विषय आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. बहुतेक बाइक कार्बोरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. इंजिनात किती पेट्रोल जाणार हे आता सेन्सर आणि एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. बिघाड झाला की मिस्त्रीचा कान पुरत नाही, स्कॅनर लागतो. आणि तो स्कॅनर, ती माहिती, ते ओरिजिनल पार्ट बाहेरच्या गॅरेजला मिळतातच असं नाही.

चारचाकींत हा वाद आधीच पेटला होता. २०११ मध्ये एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी सुरू केली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड लावला. कारण, सुटे पार्ट आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारातल्या गॅरेजांना मिळू दिली नाहीत. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण पुढे कोर्टात रेंगाळलं. पण मुद्दा सरकारदरबारी नोंदला गेला. २४ डिसेंबर २०२२ ला, पुन्हा ग्राहक दिनालाच, केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्याबरोबर वाहनंही आहेत.

याचा आपल्या विषयाशी संबंध असा की गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाता येत नसेल तर "तुझ्याकडे परत येणार नाही" हे वाक्य मरतं. जुना धाक गेला. गिऱ्हाईक काचेच्या मागे एसीत बसतं, गाडी आत जाते, आणि बाहेर येते ती धुतलेली गाडी आणि एक छापील कागद. जुना पार्ट कुठे गेला हे कुणी विचारत नाही.

तर सोमवारी काय झालं

मी पुडी टेबलावर ठेवली. फोटो दाखवले. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर नम्रपणे म्हणाला, "सर, सिस्टिममध्ये कंप्लीट दाखवतंय. बाहेर कुणीतरी जुने पॅड बसवून दिले असतील."

खरं सांगू, क्षणभर मला साताऱ्याच्या मिस्त्रींचाच संशय आला. मग लाज वाटली. आणि मग नोकरीतली सवय कामाला आली. आमच्याकडेही टिकेट बंद केलं जातं आणि कोड कधी गेलेलाच नसतो. तेव्हा आम्ही टिकेट बघत नाही, दुसरी नोंद बघतो. मी विचारलं, "तुमच्या स्टोअरमधून त्या दिवशी माझ्या जॉब कार्डवर पॅड निघाले का?"

मॅनेजर आले. स्टोअरची नोंद उघडली. ऑइल निघालं होतं, फिल्टर निघाला होता. पॅड निघालेच नव्हते.

पुढचं पटापट झालं. माफी, पैसे परत, आणि चर पडलेली डिस्क फुकट बदलून देतो म्हणाले. मग मॅनेजरने आतून एका पोराला बोलावलं. विशीचासुद्धा नसेल. हातभर काळं ऑइल. मॅनेजर माझ्यासमोरच त्याला म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. तो खाली मान घालून हळूच बोलला, "पॅड स्टॉकमध्ये नव्हते सर. मी सांगितलं होतं. संध्याकाळी येतील म्हणाले." सांगितलं कुणाला, ते बोलला नाही. अ‍ॅडव्हायझर कॉम्प्युटरकडे बघत होता.

जॉब कार्डवर "पॅड उपलब्ध नाहीत" असं लिहायला जागाच नव्हती. बदलले किंवा नाही, दोनच चौकटी. ज्याचे हात काळे झाले तो वेगळा, ज्याने टिक केली तो वेगळा, आणि कागदावर दोघांपैकी कुणाचंच नाव नाही. कागद जसा मला वाचवत नव्हता तसा त्या पोरालाही वाचवत नव्हता.

मी म्हटलं, याला काढू नका, चूक याची नाही. मॅनेजर "हो हो" म्हणाले. पुढच्या सर्व्हिसला गेलो तेव्हा तो दिसला नाही. सुट्टीवर असेल. विचारायचं धाडस माझ्याकडून झालं नाही.

म्हणून मंडळी, गाडी टाकताना पाच मिनिटं जास्त द्या. कामांची यादी लेखी घ्या, आणि "जनरल सर्व्हिस" एवढ्यावर सही करू नका. खर्च वाढला तर आधी फोन करा, असं कार्डवर लिहून घ्या. किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा. जे काम झालं नाही ते कारणासकट लिहायला सांगा. आणि चावी देतानाच एक वाक्य म्हणा: "दादा, काढलेले पार्ट मला परत द्या." राग नको, संशय नको, सरळ आवाजात. चांगल्या मिस्त्रीला त्याचा अपमान वाटत नाही. उलट त्याने केलेलं काम कुणीतरी बघणार आहे, याचं त्याला बरंच वाटतं.

ते जुने पॅड अजून माझ्या टेबलावर आहेत, त्याच वर्तमानपत्रात. बाबा म्हणतात टाकून दे. टाकेन कधीतरी.

तुमच्याकडे असा किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा, गॅरेजचं नाव न घेता. आणि गॅरेज चालवणारं कुणी ऐकत असेल तर तुमची बाजू आधी पाठवा. पैसे न देता पळालेल्या गिऱ्हाइकांवर एक अख्खा भाग होईल एवढं कलम १७० मध्ये आहे. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत, ब्रेक एकदा तपासून घ्या.